परदेशी पट्टी

गुंडा पावतीपुस्तक घेऊन आला तेव्हा शिवांजली अंगणात हरभरे निवडत बसली होती. शारजाहून येऊन तिला दोनच दिवस झाले होते. गुंडाचं गावात किराणा दुकान होतं आणि ग्रामदेवी ढवळाईच्या यात्रा कमिटीचा तो खजिनदारही होता. त्यामुळे तो कुणाच्याही अंगणात आला की माणसं आधी त्याच्या काखेकडं बघत. काखेत पिशवी असेल तर उधारी आणि पुस्तक असेल तर वर्गणी, हे सगळ्यांना पाठ होतं.

"बरं झालं आलीस," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "यंदा तुझ्याच हातानं व्हईल. पगाराची चिठ्ठी मोबाईलात हाय न्हवं?"

"पगाराची चिठ्ठी कशाला, गुंडाभाऊ?"

"ठराव झालाय. परदेशी पट्टी एक म्हैन्याचा पगार. कुणी कमी सांगू नये म्हणून चिठ्ठी बघायची. तुझ्यावर इस्वास न्हाई असं न्हाई, पर नियम म्हंजे नियम."

शिवांजलीनं हातातला किडका हरभरा बाजूला टाकला. "आणि हा नियम कुठून आला?"

"सुभेदारांनी समजावून सांगितलं की कमिटीच्या बैठकीत. तिकडं तुमाला टॅक्स न्हाई. हिकडं बी सरकार तुमच्या पगाराला हात लावत न्हाई. म्हंजे त्यो पैसा तसाच सुटला. मग सुटल्याला पैसा देवीनं धरला तर काय बिघडलं?"

ढवळखिंड गावात दोनशे बारा उंबरे होते आणि यात्रेची पट्टी पहिल्यापासून उंबऱ्यावर असायची. घर मोठं असो की झोपडं, उंबऱ्याला दोन हजार. तीन वर्षांपूर्वी देवळाचा सभामंडप काढला तेव्हा पैसे कमी पडले आणि देशाबाहेर कमावणाऱ्या चौदा जणांवर पंचवीस-पंचवीस हजारांची वेगळी पट्टी बसली, ती पुढं दर वर्षी चालूच राहिली. चौदांतले बारा गलाईवाले होते. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा खानापूर-आटपाडीकडच्या माणसांनी देशभर नेला होता आणि आता समुद्रापलीकडेही नेला होता. शिवांजलीचे वडील सयाजी लेंगरे यांनी कोईमतूरला तीस वर्षं भट्टीच्या आगीपुढं काढली आणि ॲसिडच्या धुरानं फुफ्फुसं गमावून ते घरी येऊन वारले. ती साताऱ्यात रसायनशास्त्र शिकली आणि आठ वर्षांपूर्वी शारजातल्या एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत लागली. आलेलं सोनं किती शुद्ध आहे हे हजारात एक भागापर्यंत सांगायचं, हे तिचं काम. वडील तेच कसोटीच्या दगडावर घासून सांगत. तिच्याकडं भट्टी होती, सोन्यातली भेसळ ओढून घेणारं शिसं होतं आणि दशांशाच्या पाच घरांपर्यंत तोलणारा काटा होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"इच्यार कसला त्यात? तीन वर्सं दिलीस की," गुंडा म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

तीन वर्षं तिनं दिली होती हे खरं. भावाच्या खात्यावर पैसे पाठवले, त्यानं भरले. यात्रेच्या दिवसांत तिला कधी रजा मिळाली नव्हती, त्यामुळे पुढं त्या पैशाचं काय होतं हे तिनं पाहिलं नव्हतं. ते तिनं त्याच संध्याकाळी पाहिलं. आई, मनुबाई, तिला घेऊन देवीला गेली. नव्या सभामंडपात डाव्या भिंतीला यंदाच संगमरवरी पाटी लावली होती. वर सोनेरी अक्षरांत 'परदेशस्थ देणगीदार', खाली चौदा नावं. नववं नाव होतं, 'श्री. रविराज सयाजी लेंगरे, दुबई'.

रविराज तिचा धाकटा भाऊ. घरचा ट्रॅक्टर चालवायचा, तीन एकर डाळिंब बघायचा, आणि पुण्याच्या पुढं तो आजवर गेला नव्हता.

घरी आल्यावर तिनं विचारलं तेव्हा तो टॉवेलनं मान पुसत उभा राहिला.

"ताई, मी सांगितलं हुतं त्यास्नी, पैसं ताईचं हाईत. गुंडाभाऊ म्हणला, पावती पुरुषाच्या नावानं फाटती. बाईच्या नावाचा रकाना न्हाई."

"आणि दुबई?"

"शारजा कुणाला ठावं न्हाई म्हणला."

"फेटा कुणाला बांधला?"

रविराजनं कपाटाकडं पाहिलं. कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत तीन फेटे होते. यात्रेत परदेशी पट्टी देणाऱ्यांना स्टेजवर बोलावून फेटा बांधत. "मी मागितला न्हवता," तो म्हणाला. मग खरं तेही बोलला. "पर त्याच्यावरनं दोन स्थळं आली, ताई. मलकापूरची एक. त्यांनी इचारलं, पाहुणं दुबईला कवा असत्यात."

शिवांजलीला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

शुक्रवारी संध्याकाळी सभामंडपात कमिटीची बैठक होती. बायकांनी बैठकीला येऊ नये असा काही ठराव नव्हता. त्या कधी आल्याच नव्हत्या. शिवांजली गेली, चपला बाहेर काढल्या आणि खांबाला टेकून जाजमावर बसली. सतरा माणसं होती. बोलणं थांबलं.

मधे कमिटीचे अध्यक्ष बाळासो बसले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पाठ अजून ताठ. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. ती लहानपणापासून तात्या म्हणत आली होती. माणूस वाईट नव्हता. पैशाला त्यांचा हात लागला नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळेच त्यांच्या शब्दापुढं कुणी बोलत नसे.

"काय गं शिवा, काय काम काढलंस?"

"माझ्या पट्टीचा विषय आहे म्हणून आले, तात्या."

"त्याला रवी हाय की. त्यो बग, मागं बसलाय."

"रवीला पगार नाही तात्या, मला आहे."

मागं दोघं-तिघं हसले. रविराज जाजमाची दशी ओढत बसला.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच लहान होता, त्यामुळे ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागलं. "पट्टी उंबऱ्यावर आहे की माणसावर?"

"उंबऱ्यावर," बाळासो म्हणाले. "आजा-पणजापासनं उंबऱ्यावर."

"मग आमच्या उंबऱ्याचे दोन हजार मी आत्ता देते."

"ती झाली गावपट्टी. परदेशी पट्टी येगळी."

"ती कशावर आहे?"

"कमाईवर."

"कमाई उंबरा करत नाही, माणूस करतो. म्हणजे ती माणसावर आहे. मग पावती त्या माणसाच्या नावानं पाहिजे, दगडावर नाव त्याचं पाहिजे, आणि पट्टी किती हे ठरताना तो माणूस बैठकीत पाहिजे. एक महिन्याचा पगार ठरला तेव्हा चौदांतले किती जण इथं होते?"

"ती तिकडं. कशी येणार?" गुंडा म्हणाला.

"फोन लावता आला असता, गुंडाभाऊ. पैशासाठी लावताच की."

आता कुणी हसलं नाही. बाळासोंनी मांडी बदलली. "हे बग, सरकार तरी कुणाला इचारून टॅक्स लावतं व्हय? तुला तर सरकारनं बी सोडल्याली. तेवढी सवलत खाऊन वर गावालाच हिशेब इचारतीस?"

"सरकारनं सोडलेलं नाही, तात्या. सरकार दिवस मोजतं. येताना साताऱ्यात उतरून मी टॅक्सचं काम बघणाऱ्या माझ्या वकील मैत्रिणीकडं, समीक्षाकडं, माझ्या हिशेबासाठी गेले होते. मार्चला संपलेल्या वर्षात मी भारतात एकेचाळीस दिवस होते. आल्याचा दिवस धरून, गेल्याचा धरून. त्यातले वीस आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. हेच दिवस एकशे ब्याऐंशी झाले असते तर माझ्या शारजाच्या पगारावर इथं कर लागला असता, आणि मी भरला असता. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर आजही भरते. नियम मला आवडो न आवडो, तो लिहिलेला आहे, आणि तो चौदा जणांसाठी रातोरात केलेला नाही. गावानं कुठला आकडा धरलाय तेवढं सांगा. किती दिवस गावात राहिलं की पगार मागायचा?"

"आकडा कसला? जलम हितला हाय तुजा."

"जन्म इथला म्हणून पैसे, आणि नाव मात्र रवीचं?"

"मी फौजेत असताना लडाखातनं मनीऑर्डर करत हुतो," बाळासोंचा आवाज पहिल्यांदा चढला. "गावापासनं मी बी दीड हजार मैल हुतो. कवा इचारलं न्हाई, का म्हणून."

"तुमची पावती कुणाच्या नावानं फाटत होती, तात्या?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे ते द्यायची गरजही नव्हती.

मग बाळासो म्हणाले, "बाईच्या नावानं पट्टीची पावती ह्या गावात फाटली न्हाई, आन् मी हाय तवर फाटायची न्हाई. तू नगं देऊस. जबरदस्ती न्हाई. पर ज्यो कमिटीचं मानत न्हाई, त्याच्या दारात पालखी टेकणार न्हाई."

त्यांनी वार नेमका केला होता. तो तिच्यावर नव्हता, आईवर होता.

यात्रेच्या सकाळी ढवळाईची पालखी साऱ्या गावातून फिरे, पण जमिनीवर टेके ती फक्त सात दारांत. लेंगऱ्यांचं दार त्या सातांत सयाजीच्या आजापासून होतं. मनुबाई लग्न होऊन आली त्या वर्षीपासून दारात घोंगडी अंथरून, पाट मांडून, ओटी घेऊन उभी राहत आली होती. नवरा कोईमतूरला असायचा, यात्रेला आठ दिवस यायचा. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस घर तिचं एकटीचं. पालखी टेकली की गल्लीतल्या पन्नास बाया आधी तिला वाट देत, मग ओटी भरत. एरवी गल्लीत तिला कोण वाट देणार होतं?

बातमी शिवांजलीच्या आधी घरी पोचली होती. मनुबाई चुलीपुढं बसली होती. गॅस होता, तरी भाकरी ती चुलीवरच करायची.

"तुजं बरोबर आसंल," ती तव्याकडं बघत म्हणाली. "तू शिकल्याली हायस, तुजं बरोबरच आसतंय. पर तू चार दिसांनी इमानात बसणार. मला हितं ऱ्हायाचं हाय."

"आई, एक महिन्याचा पगार आहे तो."

"तुला काय कमी हाय?"

"कमी नाही. पण त्या पगारात मी बारा तास उभी असते. शिशाच्या धुरात. मास्क लावून." तिनं हात पुढं केला. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर ॲसिडचे पिवळट डाग होते, हातमोजे फाटले त्या वेळचे. मनुबाईनं तो हात पाहिला, भाकरी उलटली आणि जेवायला वाढलं. त्यानंतर दोन दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलली.

त्या दोन दिवसांत शिवांजली दोनदा पैसे द्यायला निघाली. दोन्ही वेळा मोबाईलमध्ये रक्कम टाकून ती थांबली. पैसा जाईल याचं तिला फारसं काही नव्हतं. पण हे एकदा दिलं की ते दर वर्षाचं होईल, आणि पुढच्या वर्षी आईला भेटायला येण्याआधी आपण पट्टीचा विचार करू, तिकिटाचा नंतर, हे तिला दिसत होतं. तिच्याबरोबरची माणसं असंच करत होती. दुबईत भट्टीवर काम करणाऱ्या अमृतचा तिला आवाजी निरोप आला. तो गल्लीतल्या दगडाबाईंचा मुलगा.

"ताई, तू बैठकीत बोललीस म्हणं. लय बरं वाटलं. मी तीन हप्त्यांत देतोय. माजा पगार सत्तर हजार पडतोय आपल्या पैशात, त्यातलं खोलीभाडं आन् खाणं वजा करून पन्नास घरी लावतोय. एक म्हैना लावायचा न्हाई म्हंजे पोराची फी थांबती. औंदा यात्रेला येणार हुतो, त्ये तिकीट रद्द केलं. तिकिटाचं पैसं पट्टीला गेलं. पर तू माजं नाव कुटं काढू नगंस. आई तितं हाय."

तिनं तो निरोप दोनदा ऐकला. देवीच्या यात्रेची पट्टी भरायला माणूस यात्रेला आला नाही, हे गणित तिला कुठल्याही बाजूनं सुटेना. तिनं मोबाईलमधली रक्कम पुसून टाकली.

यात्रेच्या सकाळी सहापासून देवळावरचे कर्णे सुरू झाले. मनुबाई अंघोळ करून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. घोंगडी तिनं काढली नव्हती. गल्लीतून बाया ताटं घेऊन जात होत्या आणि तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या. शिवांजली तिच्याशेजारी जाऊन बसली. मनुबाई सरकली नाही, उठलीही नाही.

साडेसातला कर्ण्यावर गुंडाचा आवाज आला. देणगीदारांची नावं. आधी गावातले, मग मुंबईवाले, मग 'आपले परदेशस्थ बंधू'. अमृतचं नाव आलं. त्यानंतर आणखी दोन. मग गुंडा म्हणाला, "श्री रविराज सयाजी लेंगरे, दुबईकर, यांच्याकडनं रुपये एक लाख एक."

शिवांजलीनं मान वळवली. रविराज गोठ्याच्या दारात उभा होता, नवा सदरा घालून, आणि त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

"कुठून आणलेस?" तिनं विचारलं.

"डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडनं उचल घेतली. पुढच्या बागेवर." तो घाईघाईनं बोलत होता. "ताई, तुज्या खिशातलं न्हाईत. तू दिलं न्हाईस, तुजा शबूद ऱ्हायला. सुभेदार बी म्हणले, एक लाखावर भागवू, चिठ्ठी नगं. आईचा उंबरा सुना पडू नये म्हणून केलं. कुणाचंच काय गेलं न्हाई."

शिवांजलीचं गेलं होतं. पण ते सांगितलं तर भावाचं प्रेमही खोटं ठरेल, आणि ते खोटं नव्हतं. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं.

मनुबाई मात्र अजून कर्ण्याकडं बघत होती.

"दुबईकर," ती म्हणाली. "तू कवा गेलतास रं दुबईला?"

"आई, ते नुसतं बोलायचं—"

"तुजा बा तीस वर्सं कोईमतूरला हुता. त्येला कुणी कोईमतूरकर म्हणलं न्हाई. खोकून मेला तवा बी लेंगरेच हुता." मग लेकीचा उजवा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला, सगळ्या गल्लीदेखत, आणि तो तसाच धरून बसली. "आन् डाळिंब अजून फुलात हाय न्हवं?"

"व्हय," रविराज म्हणाला.

"फुलातलं इकून आलास."

ढोल जवळ आले. पालखी वळणावर दिसली, गुलालानं लाल झालेली, पुढं बाळासो फेटा बांधून. रविराज आत धावला आणि घोंगडी घेऊन आला. तो ती अंथरणार तोच मनुबाई उठली आणि त्याच्या हातातून तिनं घोंगडी काढून घेतली. घडी तशीच काखेत ठेवली. ओटीचं ताट घेऊन ती दाराबाहेर रस्त्यावर आली.

भोई दारासमोर थांबले. सवयीनं चौघांनी गुडघे वाकवले.

"टेकवू नगा," मनुबाई म्हणाली.

ढोलवाल्याच्या हातातली काठी वरच राहिली. बाळासो पुढं आले. "वैनी, पट्टी पोचलीया. आता मनात काय ठिवू नगा."

"भाऊजी, आवं पट्टी पोचली, पर ती आमची न्हवं. ज्यो दुबईला गेला न्हाई त्येनं दुबईची पट्टी दिली. आन् जी जाती तिला रकाना न्हाई." ती हळूच बोलत होती. शिवांजलीला पहिल्यांदा कळलं की आपला आवाज कुणाकडून आलाय. "असल्या पैशावर देवी माज्या दारात बसवून घेऊ व्हय मी? मला तोंड दावायचं हाय तिला."

"पालखी म्होरं गेली तर परत येत न्हाई, वैनी. मान एकदा सुटला की सुटला."

"ठावं हाय."

तिनं खांद्यावरच्या पालखीतच हात उंच करून हळद-कुंकू वाहिलं, ओटी घातली, कपाळ दांडीला लावलं आणि बाजूला झाली. भोई बाळासोंकडं बघत राहिले. खांद्यावर ओझं होतं, माणसं किती वेळ उभी राहणार? बाळासोंनी हात केला. ढोल पुन्हा सुरू झाले, पण आधी जरा चुकत.

पालखी पुढच्या दारापुढं गेली तेव्हा दगडाबाई घोंगडी अंथरून उभ्या होत्या. पालखी टेकली. दगडाबाईंनी ओटी भरली, आणि मग ताट खाली न ठेवता त्यांनी गुंडाला हाक मारली. "आरं गुंडा, आमच्या अमृतनं किती दिलं रं? आन् त्यो आला का न्हाई औंदा, त्ये बी सांग की कर्ण्यावर."

गुंडानं ऐकलं नसल्यासारखं केलं. बाकीच्यांनी ऐकलं.

गल्ली मोकळी झाल्यावर मनुबाई ओट्यावर येऊन बसली. शिवांजलीनं पाणी आणून दिलं, ते ती अर्धंच प्याली. रविराज भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या नव्या सदऱ्यावर गुलालाचा एकही ठिपका नव्हता.

"यात्रा झाल्यावर जाऊन एक लाख परत आण," मनुबाई त्याला म्हणाली. "त्या व्यापाऱ्याचं त्याला दे. न्हाई दिलं तर मी येते संगट, सभामंडपात बसायला."

"बरं."

"आन् उंबऱ्याचं दोन हजार भर. पावती घेतल्याशिवाय येऊ नगंस."

"कुणाच्या नावानं फाडू?" रविराजनं बहिणीकडं बघत विचारलं.

"तिच्याकडं काय बगतोस?" मनुबाई म्हणाली. "उंबरा माजा हाय. चाळीस वर्सं मीच सारवलाय. मनुबाई सयाजी लेंगरे म्हणून फाड, न्हाईतर भरू नगंस."